अण्णा की तम्मा?

व्हिएतनामी माणूस नव्या ओळखीत लगेच वय विचारतो, तो भोचकपणा नसतो. त्या भाषेत 'मी' आणि 'तू'चं काम बहुतेक वेळा नात्याचेच शब्द करतात. समोरचा वयानं मोठा पुरुष असेल तर तो 'आन्ह' म्हणजे थोरला भाऊ आणि बोलणारा 'एम' म्हणजे धाकटा. कोण थोरलं, कोण धाकटं हे ठरेपर्यंत बोलणं अडखळतं. आपल्याकडे याच्या जवळपास जाणारी जागा शोधायची तर दुधनीकडे बघावं. अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाला खेटलेलं, सोलापूर-वाडी लोहमार्गावरचं हे तूर-उडदाच्या आडतीचं गाव. इथे अनेकांच्या घरात कन्नड आणि कचेरीत मराठी. कन्नडात नुसता भाऊ नसतो; थोरला अण्णा, धाकटा तम्मा, तसंच अक्का आणि तंगी. त्यातले अण्णा-अक्का मराठीनं कधीच आपलेसे केले, तम्मा-तंगी मात्र सीमेवरच थांबले. थोरल्याला मराठी नातं देते, धाकट्याची बोळवण 'बाळा'वर किंवा नुसत्या 'अरे'वर होते.

म्हणून मला वाटतं, वय विचारण्यातली अदब 'तुम्ही'-'आपण' लावण्यात नाही. आकडा न मागता क्रम विचारण्यात ती आहे. मुलाला आपण वय विचारत नाही, 'कितवीला आहेस?' म्हणतो. बाईला 'थोरला काय करतो?' एवढं विचारलं तरी पुरतं. म्हाताऱ्या माणसाला 'बहात्तरच्या दुष्काळात केवढे होता?' असं विचारलं की वयाबरोबर खडी फोडल्याची हकिगतही मिळते. आणि थेट विचारायचंच झालं तर 'साठी झाली असंल की?' या अंदाजात समोरच्याला दोन वर्षं इकडेतिकडे सरकायला वाव राहतो. उत्तरंही तशीच येतात: 'पासष्टावं चालू हाय', 'सत्तरीला टेकलो'. हा ढिसाळपणा आहे असं कुणी म्हणेल. पण नेमका म्हणवणारा आकडा तरी कितीसा खरा होता? महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस 1 जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली. जनगणनेतही शून्य आणि पाचावर संपणाऱ्या वयांची गर्दी दिसते, हे लोकसंख्येचे अभ्यासक केव्हापासून सांगत आले आहेत. (वय, धन वगैरे नऊ गोष्टी झाकून ठेवाव्यात असं सांगणारं एक संस्कृत सुभाषित आहे, त्यात पहिला मान वयाचा.)

यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे. वयाबद्दलच्या या मोघमपणानं अनेक मुलींचा घात केला. गोविंद बल्लाळ देवलांनी 1899 मध्ये रंगभूमीवर आणलेल्या 'संगीत शारदा'त पंचाहत्तरीचा भुजंगनाथ कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघतो, आणि भोवतालची माणसं त्याच्या वयावर पांघरूण घालतात. 1929 च्या शारदा कायद्यानं मुलीसाठी 14 वर्षं ही हद्द घातली, 1978 मध्ये ती 18 झाली. (नाटक आणि कायद्याच्या नावातलं साम्य योगायोगाचं, कायदा हरबिलास सारडांच्या नावानं ओळखला जातो.) तिथे आकडाच हवा, दाखल्यासकट, अदब बाजूला ठेवावी. दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. थोरला-धाकटा हा क्रम सगळ्यांना सारखा लागू कधी होता? गावच्या पाटलाचं पोर महारवाड्यातल्या म्हाताऱ्याला 'अरे' म्हणत होतं, तेव्हा वय कुठे गेलं होतं? घरातही सून वयानं लहान असलेल्या दिराला 'भाऊजी' म्हणून अहोजाहो करत आली. वयाचा मान जातीपुढे आणि नवऱ्याच्या घरापुढे वाकत होता, हे मान्यच करायला हवं. पण त्यावरून हा क्रमच टाकाऊ ठरत नाही. अण्णा म्हणण्यात खोट नव्हती, ते ठरावीक लोकांपुरतं राखून ठेवण्यात होती.

आता आकडा तिकिटाच्या मशीनमध्ये येऊन बसला आहे. एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट, आणि ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पूर्ण झाली की प्रवास फुकट. त्यामुळे अक्कलकोटच्या गाडीत कंडक्टर 'आजोबा' म्हणतो आणि त्याच दमात आधार कार्ड मागतो. त्यात कुणाला अपमान वाटत नाही, कारण विचारण्यामागचं कारण दोघांनाही ठाऊक असतं. मार्च 2023 पासून बायकांना सरसकट अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून पंचाहत्तरीच्या आतल्या मोठ्या बाईला वय विचारण्याचं कारणच कंडक्टरला उरलेलं नाही.