आजीची डबी आणि औंढ्याचे हत्ती

वीकेंडला औंढा नागनाथला आजीकडे गेलो, ते मोबाइलवर एक भारी फोटो घेऊन. तपकिरीची डबी! झाकणावर कुत्रा, पण रंगवलेला नाही. हे मायक्रोमोझेइक, अठराव्या शतकातलं रोमचं काम. रंगीत काच तापवून दोऱ्यासारखी ओढायची, बारीक तुकडे करायचे, एकेक चिमट्यानं बसवायचा. चौरस इंचात हजारावर तुकडे. बॉस, पिक्सेलच हे! लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या गिल्बर्ट संग्रहात अशा डब्या आहेत.

आजीनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "केसं बी दिसायलेत की. पण तपकीर किती मावती यात?"

तिची डबी पितळेची, चेपलेली, झाकण कोरं. डॉक्टरांनी तपकीर बंद केली, तेव्हापासून काकू डबी मोडीत घालायचं म्हणतेय. आजी ती बटव्यातून काढू देत नाही.

संध्याकाळी देवळात गेलो. (श्रावणी सोमवार टाळा, गर्दीत कोरीवकाम दिसत नाही.) यादवकाळातल्या या हेमाडपंती देवळाच्या भिंतीवर हत्ती कोरलेत. एका हत्तीपाशी आजी थांबली, रिकामी डबी उघडून वास घेतला.

"इथंच उभं राहून तुझे आबा चिमूटभर मागायचे. सगळ्यांपुढं."

मग चक्क लाजली. फोटो काढायचा राहिलाच.