स्पीकर कोणता घ्यावा?

आपल्याकडे स्पीकर म्हटला की जयंतीचा भाड्याने आणलेला कर्णा आठवतो. घरात बसून ऐकायला कारकुनाने पाच आकडी किमतीचे स्पीकर घ्यावेत का? हा प्रश्न आधी सौ.ने विचारला, मग मी स्वतःला.

आमचे घर ठाकुर्लीत, रुळांजवळ. वडील, म्हणजे आण्णा, ऐंशी ओलांडलेले. उमेदीची सारी वर्षे धडधडत्या यंत्रांपाशी गेली. प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांच्या कॅसेटी ही त्यांची इस्टेट. पण अलीकडे म्हणायचे, "आवाज येतो रे, शब्द येत नाहीत." मी आवाज वाढवायचो, मग शेजारी दार ठोठवायचे.

कानाच्या डॉक्टरांनी उलगडा केला. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे बारीक आवाज जातात. यंत्रांच्या गोंगाटाने ४,००० हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे पहिल्यांदा बिघडते. स्वर खालच्या पट्टीत, ते कळतात. स, श, त यांसारखी व्यंजने हरवतात. श्रवणयंत्र घेतले, ते डबीत असते.

मुंबईला लॅमिंग्टन रोडवर दोन जोड्या पाहिल्या. एक कमरेइतकी उंच, ६० हजारांची. दुसरी पुस्तकांच्या फळीवर मावणारी, ४८ हजारांची. विक्रेत्याने उंच जोडी लावली आणि दुकान दणाणले. मी बी.कॉम. झालेला, विज्ञानाशी संबंध नाही. पण त्याने बटण कुठवर फिरवले ते पाहिले. आवाज जरासा मोठा असला तरी कानाला तोच स्पीकर सरस वाटतो. दोन्ही सारख्याच आवाजात लावा म्हटल्यावर साहेबांचा उत्साह ओसरला. वॅटच्या आकड्यांनीही भुलू नये. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, कानाला थोडासाच जाणवतो. शिवाय आमची खोली १० बाय १२. उंच जोडी भिंतीला टेकवावी लागणार, आणि भिंतीजवळ स्पीकरचा खर्ज फुगतो. ढोलकी गायकाच्या उरावर बसते. लहान जोडीत तो खोल खर्ज नाहीच, हेही खरे.

पुढच्या शनिवारी आण्णांनाच नेले. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, पिशवीत त्यांची कॅसेट आणि माझा जुना डेक. उंच जोडी ऐकून म्हणाले, "ढोलकी झकास." लहान जोडीवर काही बोलले नाहीत, ओठ हलू लागले. पण गाणे तर त्यांना पाठच! माझा विश्वास बसेना. मग विक्रेत्याला मराठी बातम्या लावायला सांगितल्या. उंच जोडीवर आण्णांना निम्म्या कळल्या. लहान जोडीवर त्यांनी धरणांचा पाणीसाठासुद्धा परत म्हणून दाखवला.

४८ हजारांत वस्तीतल्या मुलांच्या किती वह्या आल्या असत्या, हा हिशेब मी परतीच्या गाडीत केलाच. घरी बोललोही. सौ. म्हणाली, "अहो, चाळीस वर्षे जयंतीच्या सतरंज्या कोणी घातल्या?" मी हप्त्यांचा कागद पुढे केला.

आता संध्याकाळी फळीवरची दोन खोकी बोलू लागतात. ठाकुर्लीला न थांबणारी फास्ट गाडी धडधडत गेली की आण्णा बोट वर करतात. मी कॅसेट थांबवतो. गाडी गेली की थोडी मागे घेऊन तेच कडवे पुन्हा लावतो.