अकीक्याचा आठवडा आणि एमआरआय

गेल्या वर्षी माझ्या चुलत बहिणीचं बाळ जन्मताच रडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला झटके आले, म्हणून चाकूरहून लातूरला हलवलं. डॉक्टरांनी टाळूवरून सोनोग्राफी केली आणि पाचव्या दिवशी मेंदूचा एमआरआय करायचं ठरवलं.

घरात सातव्या दिवसाच्या अकीक्याची तयारी चालली होती. खाला म्हणाल्या, "इतक्याशा जिवाला मशीनमें डालते क्या?" मामूंना वेगळीच भीती होती. रिपोर्ट वाईट आला तर?

मी मास्तर, म्हणून डॉक्टरांशी बोलायला मला पुढे केलं. त्यांनी शांतपणे समजावलं. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. चुंबक आणि रेडिओलहरींवर चित्र उमटतं. बाळाला दूध पाजून, कापडात गुंडाळून झोपवतात. पुष्कळदा भूल द्यावी लागत नाही. यंत्र मोठ्याने खडखडतं, म्हणून कान झाकतात. प्राणवायू कमी पडून झालेली इजा फार लवकर पाहिली तर कमी वाटू शकते. साधारण चौथ्या ते सातव्या दिवसादरम्यान ती नीट दिसते. मेंदूच्या खोल भागात, थॅलॅमसच्या आसपास, मोठी इजा असेल तर सेरेब्रल पाल्सीचा धोका वाढतो.

मी घरी सांगितलं, अकीका चौदाव्या किंवा एकविसाव्या दिवशीही करतात, तपासणीची वेळ मात्र हीच आहे. सगळ्यांनी ऐकलं.

एमआरआयने इजा भरून येत नाही. त्यावरचे उपचारही सोपे नाहीत. श्रीमंत देशांत अशा बाळांचं शरीर तीन दिवस थंड ठेवतात. तोच उपाय भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत 408 बाळांवर तपासला गेला. मुंबईचं सायन रुग्णालय त्यात होतं. 2021मध्ये निष्कर्ष आले: फायदा दिसला नाही, उलट थंड ठेवलेल्यांत मृत्यू जास्त झाले.

मग तपासणी कशाला? कारण धोका कळला की व्यायाम, वाचा-उपचार, कान-डोळ्यांची तपासणी लवकर सुरू होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं त्यासाठीच आहेत. रिपोर्ट चांगला आला तरी बाळाला पुन्हा पुन्हा दाखवावं लागतंच.

शाळेत पहिलीला अशी मुलं येतात, ज्यांच्याबद्दल घरचे सहा वर्षं "उशिरा बोलेल" म्हणत राहिले. कुणी नजर लागली म्हणतं, कुणी आईला दोष देतं. त्या आईच्या हातात आठव्या दिवशी एक रिपोर्ट असता, तर तिची बोलणी वाचली असती आणि मुलाची सहा वर्षंही.