तिकीट कुणाच्या हातचं?

भोर

चि. चिऊस,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, आपल्याकडे प्रायमरी का नसते?" मागून तुझी मामी म्हणाली, "प्रायमरी नाही कशी? हे जन्मभर तिथंच तर शिकवत होते!" आपण हसलो आणि विषय राहून गेला. पण तिकडे अमेरिकेत पक्षाचा उमेदवार मतदारच आधी प्रायमरीत मत देऊन ठरवतात, मग आपल्याकडे का नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

मास्तरकीत मी कितीतरी निवडणुकांची ड्यूटी केली. तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याच्या आडबाजूच्या वाड्यांवर (तालुक्याला आता राजगड म्हणायचं, पण जीभ वळत नाही) मतदानयंत्र घेऊन गेलो, शाळेच्या फरशीवर झोपलो, पहाटे उठून मॉक पोल घेतला. मत कसं द्यायचं, कसं मोजायचं, सगळं प्रशिक्षणात शिकवलं होतं. यंत्रावर उमेदवारांची नावं आली कशी, एवढंच कुणी शिकवलं नाही.

ती येतात एबी फॉर्मवरून. ए फॉर्मवर पक्ष कळवतो की उमेदवार ठरवायचा अधिकार कुणाच्या सहीला आहे. बी फॉर्मवर त्या सहीनं उमेदवाराचं नाव येतं. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो कागद कचेरीत पोचला की तुम्ही पक्षाचे, नाहीतर अपक्ष. अपक्षाला मतदारसंघातले दहा सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच पुरतो. भोर, वेल्हे, मुळशी मिळून चार लाखांवर मतदार. त्यातल्या एकाची सही झाली की आपलं काम संपलं. बाकीचं मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरतं.

2024 ची विधानसभा आठव. काँग्रेसकडून संग्राम थोपटे उभे राहणार, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ते तीन वेळचे आमदार, त्याआधी वडील अनंतराव. खरी चुरस महायुतीत होती. जागा अजित पवारांच्या राष्ट्रवादीला सुटली आणि तिकीट मिळालं शंकर मांडेकरांना, जे ऐन निवडणुकीच्या तोंडावर ठाकरेंच्या शिवसेनेतून आले होते. मग शिंदेंच्या शिवसेनेतले कुलदीप कोंडे आणि भाजपचे किरण दगडे अपक्ष उभे राहिले. पेपरवाल्यांनी त्याला 'बंडखोरी' म्हटलं. मी म्हणतो, चिऊ, हीच आपली प्रायमरी. फक्त ती खऱ्या निवडणुकीच्याच दिवशी, त्याच यंत्रावर उरकावी लागते.

'आपल्या बाजूचा माणूस कोण?' आणि 'कुठली बाजू निवडून आणायची?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण 20 नोव्हेंबरला दोन्हींची उत्तरं एकाच बटणात कोंबली. मांडेकर जिंकले. पण असा तिढा असला की एका घरातल्या दोघा-तिघांत मतं फुटतात आणि कधी कधी बहुतेकांना नको असलेला माणूस निवडून येतो. तुमच्याकडे दोन प्रश्नांना दोन दिवस दिलेत, एवढाच काय तो फरक. पण तो मोठा आहे.

तुझ्या डेट्रॉइटचंच बघ. श्री ठाणेदार आपले बेळगावचे. 2018 साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी ते डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. 2022 च्या ऑगस्टात काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, जागेसाठी नऊ जणांत पहिले आले आणि नोव्हेंबरात निवडून गेले. त्यांना तिकीट कुणी 'दिलं' नाही. लागल्या त्या मतदारांच्या किमान हजार सह्या. 2024 मध्ये त्यांच्या एका प्रतिस्पर्ध्याच्या पुरेशा सह्या छाननीत टिकल्या नाहीत, तर तो मतपत्रिकेवर आलाच नाही. आणि मिशिगनमध्ये मतदाराला पक्षाची पावती फाडावी लागत नाही. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात. आडोशाला उभं राहून एकाच रकान्यात खुणा करायच्या. दोन्हीकडे केल्या तर प्रायमरीची मतं बाद.

पण दुरून डोंगर साजरे. 2022 ला ठाणेदारांना मतं पडली सुमारे अठ्ठावीस टक्के. बाकीच्यांची मतं आठ जणांत वाटली गेली. म्हणजे फाटाफूट तिथंही आहे, ती फक्त काही महिने आधी होते. शिवाय त्यांनी स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर ओतले होते. पुढाऱ्याच्या दाराशी ताटकळायला नको, पण त्या जागी पैशाची थैली लागते. आणि हेही तिकडे पहिल्यापासून नव्हतं. 1968 साली हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटांचे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले. त्यावरून एवढा गदारोळ झाला की पक्षाला नियमच बदलावे लागले.

आपल्याकडेही एकदा करून पाहिलं. 2014 च्या लोकसभेला राहुल गांधींच्या आग्रहावरून काँग्रेसनं देशातल्या मोजक्या जागांवर प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. मत मात्र सामान्य मतदाराला नव्हतं, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना होतं. वर्ध्यात दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे जिंकले. खऱ्या निवडणुकीत दोन्ही जागा गेल्या आणि त्याच वर्षी मेघे भाजपमध्ये गेले. पुढच्या लोकसभेला त्या प्रयोगाचं कुणी नावही काढलं नाही.

म्हणून काय आपल्याला हे जमणारच नाही? ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. वेल्ह्याच्या वाड्यांवर देवळात गावकीची बैठक बसते. कोण उभं राहणार, कोण थांबणार, सगळ्यांदेखत ठरतं. अमेरिकेत आयोवा राज्यातले डेमोक्रॅट शाळेच्या हॉलात जमून आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहायचे, ते याहून फार निराळं नव्हतं. आपल्या बैठकीत बायका अजून दारापाशी उभ्या असतात आणि मोठ्या भावकीचा आवाज मोठा असतो, हे मी झाकून ठेवणार नाही. पण ज्याला नकार मिळतो, त्याला तो तोंडावर मिळतो. त्याला 'का?' विचारता येतं. बी फॉर्मला ते विचारायची सोय नाही. माझा सगळा हट्ट एवढाच आहे: ठरवा कुणीही, पण नाकारलेल्याला आणि आम्हाला कारण सांगा.

तुमची प्रायमरी ऑगस्टात असते. तेव्हा इथं माणसं भातलावणीच्या चिखलात गुडघाभर उतरलेली असतात. तुला तिथं मत नाही, ठाऊक आहे. तरी त्या दिवशी जवळच्या मतदान केंद्रावरून एक चक्कर मार आणि रांगेत किती माणसं होती, तेवढं मला कळव. आडोशाला खूण करायचा हक्क असून रांगच नसेल, तर मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक तो काय? वेल्ह्याच्या वाडीवर म्हाताऱ्या डोंगर उतरून मताला यायच्या, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तब्येतीला जप. मामीनं आंबेमोहोर बाजूला काढून ठेवलाय.

तुझा
मामा