नळींतील गुडगुड

ज्या वस्तूचें नांवच तिच्या आवाजावरून पडलें, अशा वस्तु आपल्या भाषेंत पुष्कळ नाहींत. गुडगुडी ही त्यांपैकीं एक. हुक्क्याच्या तळच्या भांड्यांत पाणी असे. ओढणाऱ्यानें दम घेतला कीं धूर त्या पाण्यांतून बुडबुडे काढीत वर येई, आणि तो आवाज ऐकूनच वाड्यांतल्या माणसांस कळे कीं धनी जागे आहेत. तेथें आवाज हें वैभवाचें चिन्ह होतें. परंतु तोच आवाज विलायती लांब नळीच्या पाइपांतून येऊं लागला, तर ओढणारा ओशाळतो, नळी झटकतो आणि कोणी ऐकलें तर नाहीं ना, हें पाहतो. एकाच आवाजानें एके ठिकाणीं शोभा यावी व दुसऱ्या ठिकाणीं फजिती व्हावी, याचें आम्हांस बाळपणापासून कुतूहल आहे. आम्हीं स्वतः कधीं पाइप ओढला नाहीं. पण एक लांब पाइप वर्षानुवर्षें साफ केला आहे, तेवढ्या अधिकारावर हे चार शब्द.

लांब नळी ही केवळ साहेबाचीच मिरास होती असें नव्हे. अकबराच्या पदरचा असद बेग विजापुराहून परतला, तेव्हां त्यानें दक्षिणेंत पाहिलेली तंबाखू आणि ती ओढण्याची एक रत्नजडित नळी बादशहास नजर केली. सन १६०४-०५ च्या सुमाराची ही गोष्ट. त्या नळीची लांबी असद बेगानें तीन हात सांगितली आहे. बादशहानें दोन-चार झुरके घेतले आणि हकिमानें त्यास लागलीच थांबविलें. तिकडे इंग्लंडांत पहिल्या जेम्स राजानें १६०४ सालींच तंबाखूच्या निंदेचें एक चोपडें छापविलें, आणि इकडे जहांगिरानें १६१७ सालीं ती ओढण्यास मनाईचा हुकूम काढला. चोपड्यानें वा हुकुमानें कोणाची चिलीम विझली नाहीं, हें निराळें सांगावयास नको.

युरोपांत त्या काळीं पाइप भाजलेल्या पांढऱ्या मातीचे असत. हॉलंडांतील गौडा व इंग्लंडांतील ब्रोझली हीं गांवें त्या धंद्यासाठीं प्रसिद्ध होतीं. पुढें या पाइपांच्या नळ्या वाढत वाढत हातभर झाल्या, आणि अशा लांब पाइपास चर्चवॉर्डन, म्हणजे देवळाचा पंच, असें भारदस्त नांव पडलें. हा पाइप दांतांत धरून चालतां येत नाहीं. बसावें लागतें आणि एक हात त्याच्या सेवेस ठेवावा लागतो. म्हणून तो निवांत माणसाचा पाइप. मातीची नळी सच्छिद्र असल्यामुळें ओल शोषून घेई, आणि फारच मळली तर विस्तवांत भाजून पुन्हा पांढरी करतां येई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ब्रायर नांवाच्या झुडुपाच्या मुळाजवळील गांठीचे लांकडी पाइप फ्रान्सांतून सर्वत्र पसरले, आणि त्यांस कडक केलेल्या रबराची, म्हणजे एबोनाइटची, नळी बसूं लागली. एबोनाइट थेंबभरही पाणी पीत नाहीं. गुडगुडीचें मूळ येथें आहे.

हें पाणी येतें कोठून? तोंडांतली लाळ नळींत उतरते, हें कारण खरें, पण तें सारें नव्हे. तंबाखूंत ओल असतेच. शिवाय कोणतेंही पान जळलें कीं त्यांतून वाफ निघते, मग तें कितीही वाळलेलें असो. ही वाफ गरम धुराबरोबर नळींत शिरते आणि थंड भिंतीला लागून तिचे थेंब होतात. भाताच्या तपेलीवरच्या झांकणाला होतात तसेच. नळी जितकी लांब, तितकी थंड होण्यास जागा अधिक. धूर तोंडाशीं गार पोंचतो ही लांब पाइपाची ख्याति; तें गार होणें आणि हें पाणी सांठणें या एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत. लांकूड व नळी यांच्या सांध्यांत थोडी फट राहिली कीं पाणी तेथें तळें करून बसतें, आणि झुरका घेतांच तें बोलूं लागतें.

आमच्या भाऊकाकांस असा दीड वितीचा पाइप १९४७ सालीं मिळाला. रेल्वेंतला त्यांचा वरिष्ठ साहेब विलायतेस परत जातांना तो देऊन गेला. आमच्या साताऱ्याच्या घरांत तपकीर चाले, पानसुपारी चाले. धूर मात्र उदबत्तीचा आणि चुलीचा एवढाच ठाऊक. आजी म्हणाली, "भाऊ, तुझें तें उष्टें नळकांडें माडीच्या खालीं उतरतां कामा नये." काकांनीं तें मान्य केलें, आणि माडीवरच्या सज्ज्यांत रोज सायंकाळीं ती गुडगुड ऐकूं येऊं लागली.

पाइप साफ करण्याच्या तयार लोंकरी काड्या त्या काळीं साताऱ्यास मिळत नसत. मिळत्या तरी साधारण वीतभर लांबीची काडी एवढ्या नळीच्या टोंकापर्यंत पोंचती ना. यावर काकांनीं घरगुती उपाय काढला: खराट्याचा हीर. त्याला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून तो नळींतून आरपार घालावयाचा. प्रथम त्यांनीं देवघरांतल्या वातींचा कापूस घेतला होता. त्यावरून आजीनें जें कांहीं ऐकविलें तें येथें लिहीत नाहीं. हीर घालण्याचें काम १९५५ पासून, म्हणजे आमच्या आठव्या वर्षापासून, आमच्याकडे आलें.

काकांचे बाकीचे नियमही आम्हांस अजून पाठ आहेत. ओलसर तंबाखू ओढण्यापूर्वीं अर्धा तास कागदावर पसरून ठेवावी. भरतांना तळाशीं सैल, वर किंचित् घट्ट भरावी. झुरका सावकाश घ्यावा. घाई केली कीं आंच वाढते व वाफही वाढते. गुडगुड झालीच तर नळींत उलट फुंकूं नये, तंबाखू भिजते. नळींतून हीर फिरवावा. पाइप गरम असतांना नळी पिळून काढूं नये, सांधा तडकतो. आणि एकदां ओढलेल्या पाइपास दुसरा सबंध दिवस विसांवा द्यावा. डब्लिनच्या पीटरसन कंपनीनें १८९० सालीं पेटंट घेऊन पाइपाच्या दांड्यांतच पाणी सांठण्याची एक कोठी केली. ती युक्ति चांगली, पण कोठीही शेवटीं पुसावीच लागते.

त्या हिरावर येणारें पाणी मात्र आम्ही विसरलों नाहीं. तें काळसर तपकिरी, कडू वासाचें, आणि बोटांस लागलें तर दोन वेळां माती लावून धुवावें लागे. एकदां आजीच्या शेवंतीवर मावा पडला. तिनें आम्हांकडून नळी धुतलेलें तें पाणी मागून घेतलें, बादलींत कालवलें आणि झाडांवर शिंपडलें. मावा मेला. तेव्हांपासून काकांच्या पाइपावर तिची थोडी मर्जी बसली, आणि घरांत तो थट्टेचा विषय होऊन राहिला.

भाऊकाका आम्हां मुलांस सज्ज्यांत बसवून रघुवंश शिकवीत. त्यांचा उच्चार इतका स्वच्छ कीं गल्लींतून जाणारा माणूस क्षणभर थांबे. १९७१ सालीं त्यांच्या जिभेच्या कडेला एक व्रण झाला आणि तो बरा होईना. मुंबईस शस्त्रक्रिया झाली. प्राण वाचले, पण जिभेचा मोठा भाग गेला. डॉक्टरांनीं पाइपाविषयीं विचारलें, व पुढें कांहीं विचारलें नाहीं. त्यानंतर काका पांच वर्षें जगले. घरांतल्या धाकट्या मुलांचा रघुवंश तसाच चालू राहिला. मुलें म्हणत आणि काका चुकलेला शब्द पाटीवर लिहून दाखवीत. सज्जा अगदीं शांत झाला होता.

परवां आमच्या पुतण्याच्या मुलानें एक लांब पाइप मागविला. २००१ नंतर आलेल्या त्या इंग्रजी चित्रपटांत गॅंडाल्फ नांवाचा जादूगार तसलाच पाइप ओढतो, तें त्याच्या मनांत लहानपणापासून भरलें होतें. तो आला आणि म्हणाला, "आजोबा, याची गुडगुड कशी थांबवायची? तुम्हांलाच ठाऊक असेल." तो पंचवीस वर्षांचा आहे, त्याला दटावण्याचें आमचें वय राहिलें नाहीं व त्याचेंही नाहीं. आम्हीं त्यास काकांचे सगळे नियम सांगितले, एकही राखून ठेवला नाहीं. मग विचारलें, "नळींत अडकलें तें पाणी आपण पुसून काढलें. जें अडकलें नाहीं, तें कोठें जातें?"

तो म्हणाला, "पण लांब नळीनें धूर गार होतो ना?"

गार होतो, निर्मळ होत नाहीं. हुक्क्याच्या पाण्याचीही तीच गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालच्या टिपणांत सांगितलें आहे कीं, हुक्क्याच्या एका बैठकींत माणूस शंभर किंवा त्याहून अधिक सिगारेटींइतका धूर आंत घेऊं शकतो. पाइपाचा धूर छातींत न ओढतां तोंडांतच खेळविला तरी तोंड आणि घसा त्याचेच आहेत. त्यांस कर्करोग होतो, हें आतां वादाचें राहिलेलें नाहीं. गार धूर घशास बोंचत नाहीं, म्हणून माणूस अधिक वेळ बसतो, एवढाच त्यांतला फरक. उलट, गुडगुड हाच त्या पाइपाचा प्रामाणिकपणा म्हणावयाचा. आंत काय तयार होत आहे, तें ती ओढणाऱ्याच्या कानाशीं सांगते.

आम्हीं त्याला कपाटांतली काकांची पाटी दाखविली. तिच्यावर आतां अक्षर नाहीं, पण चौकटीवर त्यांच्या अंगठ्यानें झिजलेली एक जागा आहे. मग खराट्याचा एक हीर तासून, स्वच्छ चिंधी गुंडाळून त्याच्या हातीं दिला आणि एवढेंच मागितलें कीं, पाइप साफ केल्यावर ती चिंधी लागलीच टाकूं नये. पांढऱ्या कागदावर पुसावी आणि कागदावर तारीख घालून ठेवावा. तो "बरें" म्हणून गेला. त्याच्या आईकडून कळतें कीं आजवर असे चार कागद झाले आहेत आणि गेल्या तीन आठवड्यांत पांचवा झालेला नाहीं. आम्ही त्यास अजून कांहीं विचारलेलें नाहीं.