अर्नाळा की पंजू?

थंडी पडू लागली, की वसईतल्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, आईबाबांना यंदा समुद्रावर, एखाद्या बेटावर न्यायचे आहे. चालेल ना?" विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा अंदमान असते, नाहीतर दीव. मी रक्तदाब पाहतो, औषधांची यादी लिहून देतो आणि शुभेच्छा देतो. या वर्षी मात्र तो प्रश्न माझ्याच घरी उभा राहिला. आईला ८१ वर्षे पूर्ण झाली. "लग्नानंतर तुझ्या बाबांबरोबर अर्नाळ्याच्या किल्ल्यावर होडीने गेले होते. एकदा पुन्हा पाण्यावरून जायचे आहे," एवढेच ती म्हणाली. दोन्ही गुडघे झिजलेले, मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाबाच्या दोन गोळ्या. मी तत्काळ नाही म्हटले. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "तू मला जपून ठेवणार आहेस, की नेणार आहेस?"

बहिणीने मध्यम मार्ग सुचवला. बेटच हवे ना, मग पंजूला जा. ते जवळ आहे. विरारची लोकल भाईंदर सोडून नायगावकडे निघाली, की खाडीच्या मधोमध पुलाला लागून जे हिरवे गाव दिसते, ते पंजू. नकाशावर ते आमच्या घराला अर्नाळ्यापेक्षा कितीतरी जवळ. दोन्ही बेटे आपल्याच तालुक्यातली. तेव्हा आईला नेण्याआधी दोन्हीकडे स्वतः जाऊन यावे, असे मी ठरवले. वृद्धांना कुठेही नेण्यापूर्वी घरातल्या एकाने आधी फेरी मारून यावी, असे मी रुग्णांना सांगतोच. स्वतः पाळण्याची वेळ पहिल्यांदा आली.

पंजूला मी ओहोटीच्या वेळी पोहोचलो, हे बरेच झाले. तिथे वाळू नाही. खाजणाचा चिखल, तिवरांची दाटी आणि निसरडा काठ. तिथल्या रहिवाशांची शाळा, बाजार, आजारपण सगळे होडीवर अवलंबून आहे. कित्येकांनी रेल्वेच्या पुलावरून चालत जाऊन वर्षे काढली, आणि गाडीच्या दारातून खाडीत निर्माल्य भिरकावणाऱ्यांमुळे त्यांपैकी काहींना इजाही झाली. (ती सवय आपण सोडली पाहिजे.) पक्षी पाहणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला पंजू आवडेल. मला आवडले. परंतु तोल सांभाळता न येणाऱ्या माणसाला घोटाभर चिखलातून होडीत चढवणे म्हणजे खुब्याच्या हाडाशी जुगार आहे. जवळचे बेट सोपेच असते असे नाही.

अर्नाळ्याचे तसे नाही. विरारहून बसने वा रिक्षाने अर्नाळा गाव, सुरूच्या बनाशेजारचा किनारा, आणि समोर वैतरणेच्या मुखाशी किल्ल्याचे बेट. होडीचा प्रवास काही मिनिटांचा. मराठ्यांनी हा किल्ला १७३७ साली घेतला, वसई पडण्याच्या दोन वर्षे आधी. दरवाजावर बाजीराव पेशव्यांचे नाव असलेला मराठी शिलालेख आहे आणि आत गोड्या पाण्याचे अष्टकोनी तळे आहे. १८ जून २०२५ रोजी नौदलात दाखल झालेल्या पाणबुडीविरोधी नौकेला याच किल्ल्याचे नाव दिले आहे. पण माझे लक्ष किल्ल्याकडे नव्हते. लोक होडीत चढतात कसे, हे मी पाहत होतो. पाण्यात उतरून, गुडघाभर लाटेत उभे राहून, काठावर हात टेकून ते चढत होते. ओहोटीत ही पायपीट लांबते, भरतीला होडी कोरड्या वाळूच्या जवळ येते. म्हणजे खरा निर्णय वेळेचा होता.

त्यासाठी आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. अष्टमीला सहा, म्हणजे भर दुपारी बारा वाजता ओहोटी; त्या दिवशी वृद्धांना नेऊच नये. एकादशीला आईचा उपास, आणि मधुमेही माणसाने उपाशीपोटी समुद्रावर जाणे मला मान्य नाही. म्हणून माघातली द्वादशी ठरली.

तयारीत दोन गोष्टींचा विचार अधिक केला. पहिली पायांची. मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी होते; शिंपला रुतला तरी कळत नाही, आणि महिन्याभराने जखम घेऊन लोक माझ्याकडे येतात. म्हणून मागे पट्टा असलेली, पाण्यात भिजली तरी चालेल अशी चप्पल घेतली. अनवाणी एक पाऊलही नाही. दुसरी औषधांची. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल, तर त्या दिवशी ती केव्हा घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. मळमळीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये. तिने वृद्धांना गुंगी येते, क्वचित भ्रम होतो, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडकू शकते. काही मिनिटांच्या होडीसाठी तिची गरजही नाही.

पावणेनऊला होडीशी पोहोचलो. आईला उचलून ठेवावे, असा माझा बेत होता. "उचलू नको, पडले तर दोघेही पडू," ती म्हणाली. दोन कोळणी पुढे आल्या, एकीने कंबरेला हात दिला, दुसरीने कोपर धरले. "आजी, लाट जाऊ द्या. आता पाय टाका." ते तंत्र मला वैद्यकीय महाविद्यालयात कोणी शिकवले नव्हते.

बेटावर किल्ल्यापर्यंत ती गेली नाही. वाटेतल्या कालिकामातेच्या देवळापाशी बसली. आजूबाजूला बांबूंवर बोंबील वाळत होते. बाबांनी तेव्हा होडीत नवी टोपी पाण्यात घालवल्याची गोष्ट तिने सांगितली. ती मी कधी ऐकली नव्हती. बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आले, की पाण्याची बाटली सकाळपासून तशीच भरलेली आहे. विचारले तर म्हणाली, "इथे जायचे कुठे?" वृद्ध स्त्रिया प्रवासात पाणी का पीत नाहीत, याचे हे उत्तर मी दवाखान्यात शंभरदा ऐकले असेल, तरी विसरलो होतो. शेजारच्या घरातील बाईंनी न विचारताच तिला आत नेले. बाहेर आल्यावर तिने अर्धी बाटली पाणी प्यायले.

त्या गोष्टींत माझा हिशेब चुकला. साडेदहाला निघायचे ते साडेअकरा झाले आणि पाणी मागे हटले होते. अर्नाळ्याच्या बाजूला होडी बरीच अलीकडे थांबली. ओल्या वाळूतून पन्नास-साठ पावले जास्त पडली. आईला दोनदा थांबावे लागले आणि रात्री उजवा गुडघा सुजला. दोन दिवस बर्फाने शेकला. तिची तक्रार नव्हती. माझी स्वतःविषयी होती: घड्याळ मी पाहायला हवे होते.

पंजूचे मात्र राहिले, असे बहीण म्हणत राहिली. त्यावर उपाय सापडला. फेब्रुवारी २०२४ पासून वसई किल्ल्याजवळून भाईंदरला रो-रो बोट जाते. रस्त्याने सुमारे ३८ किलोमीटरचा वळसा पाण्यातून जेमतेम साडेतीन किलोमीटरचा होतो, आणि गाडी थेट बोटीवर चढते. न पाण्यात पाय, न उंच पायरी. चाकाची खुर्ची असलेल्यांनाही जमावे. गुडघा उतरल्यावर एका संध्याकाळी आईला तसे नेले. भाईंदर जवळ येऊ लागले तशी मी तिला पंजूची झाडी दाखवली. पुलावरून विरारची लोकल गेली. आईने काच खाली करायला सांगितली आणि विचारले, "तिथल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात कोण रे नेते?"