विटनूमची निळी धूळ

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा मुलुखात, हॅमर्सली डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी, विटनूम नावाचे जे गाव एके काळी नांदत होते, ते तेथील सरकारने २००७ साली गॅझेटातून खारीज केले, नकाशांवरून व रस्त्यांवरच्या फलकांवरून त्याचे नाव काढविले, आणि २०२२ साली खास कायदा करून उरलीसुरली खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. शेजारच्या घळीत १९४३ पासून १९६६ पर्यंत निळा अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रोसिडोलाइट, काढला जात असे. त्या धुळीच्या आजारांनी तेथले दोन हजारांहून अधिक कामगार व रहिवासी दगावले असे मानतात, आणि गाळून टाकलेला सुमारे तीस लाख टन चुरा घळीत तसाच पडून आहे.

माझा पुतण्या त्या भागातल्या एका लोखंडाच्या खाणीवर अभियंता असल्याने, निवृत्तीनंतरचा एक हिवाळा मी त्याच्याकडे टॉम प्राइस येथे काढला. ओसाड खाणी धुंडाळण्याचा छंद त्याला व त्याच्या एका मित्राला जडला होता, आणि विटनूमचा बेत मी पोहोचण्यापूर्वीच शिजलेला होता. व्हरांड्यात मांडलेली सामग्री मी न्याहाळली: हेल्मेटे, दोर, विजेऱ्या, दूषित हवा ओळखणारे यंत्र, आणि धुळीसाठी औषधाच्या दुकानातले पातळ कागदी मास्क. छत कोसळणे, पायाखाली विवर उघडणे, प्राणवायू कमी पडणे, या सर्वांची तजवीज चोख होती. आणि खरे भय जिथे होते तिथे तो कागद.

पुण्यास महाविद्यालयात असताना आमच्या भूशास्त्राच्या अध्यापकांनी हाच दगड वर्गात फिरविला होता. काळपट खडकाच्या दोन थरांमध्ये बोटभर जाडीची निळसर शीर, आणि तिच्यातले तंतू विंचरलेल्या रेशमासारखे ओळीने उभे. त्यांनी नखाने एक झुबका उपटला, स्पिरिटच्या दिव्यावर धरला, आणि तो जळत नाही हे पाहून आम्ही थक्क झालो. झुबका उपटताना हवेत काय उडाले याची विचारपूस त्या काळी कोणी केली नाही. वास्तविक १९६० सालीच वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या ३३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली होती. मेसोथेलिओमा या फुप्फुसावरणाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या त्या माणसांपैकी कित्येकांनी खाणीत कधी कामच केले नव्हते, त्यांचे बालपण तेवढे खाणीच्या आसपास गेले होते.

डोळ्यांना दिसतो तो झुबका. अपाय करतो तो त्यातून सुटलेला, केसाहून कितीतरी पटींनी बारीक, सरळ, सुईसारखा तंतू, ज्याला ना वास ना चव, आणि जो श्वासावाटे जाताना ठसकाही लागत नाही. फुप्फुसातल्या भक्षकपेशी त्याला गिळू पाहतात, पण लांबीमुळे तो त्यांच्या पोटात मावत नाही, आणि तो विरघळतही नाही. दाह मात्र वर्षानुवर्षे चालू राहतो. व्याधी उघड होण्यास वीस, तीस, प्रसंगी पन्नास वर्षे लागतात.

"काका, एका फेरीने काय होणार आहे?" पुतण्याने विचारले. बहुधा काही होणार नाही, हेच खरे उत्तर होते आणि मी तेच दिले. खोटी भीती घालून तरुणांना अडविता येत नाही, ते घालणाऱ्यालाच हसतात. परंतु ज्याच्यापुढे पन्नास वर्षे आहेत त्याने ती जोखीम घेणे आणि ज्याच्यापुढे पंधरा आहेत त्याने घेणे यांत मोठा फरक आहे, तेव्हा कुतूहलच शमवायचे तर मी एकटा जाऊन पाहून येतो, असे मी म्हटले, आणि ते सर्वस्वी थट्टेने म्हटले नव्हते. यावर स्वयंपाकघरातून सूनबाईंनी विचारले, "आणि येताना कपडे कुठे धुणार, काका?" गाडीच्या मागच्या आसनावर त्यांच्या तान्ह्या मुलीची खुर्ची कायमची बांधलेली होती. खाणीत पाऊलही न टाकलेल्या ज्या बायका विटनूमात केवळ नवऱ्यांचे कपडे झटकून धुवीत असत, त्यांच्यातही हाच रोग निघाल्याचे मीच तिला आदल्या संध्याकाळी सांगितले होते. पुतण्याने काही न बोलता दोर गुंडाळावयास घेतला.

मित्र मात्र गेला. त्याने दाखविलेल्या छायाचित्रात तो चुऱ्याच्या ढिगावर उकिडवा बसलेला होता आणि मास्क गळ्यात लोंबत होता. त्याच्या गाडीत बसण्यास पुतण्याने साफ नकार दिल्यावर तो वरमला, आणि क्ष-किरण तपासणी करून घ्यावी म्हणून डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितले की आज काढलेल्या चित्रात काहीच दिसणार नाही. गेल्याची तारीख तेवढी त्याच्या वैद्यकीय दप्तरात नोंदवून ठेवली, आणि अ‍ॅस्बेस्टॉस व तंबाखू एकत्र आल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो, तेव्हा सिगारेट आजपासून बंद, असे बजावले. मी परत निघेपर्यंत तरी ती बंद झालेली नव्हती.